झाशीचं तळं, ओरछ्याची खोली आणि घरातली दोघं

सहलीचा बेत ठरला की मराठी घरात पहिली चर्चा होते रिझर्व्हेशनची, दुसरी खाण्यापिण्याची आणि तिसरी, जरा दबक्या आवाजातली, खोल्या किती घ्यायच्या याची. आईबाबा एका खोलीत, मुलगा-सून दुसऱ्या, नातवंडं आजीजवळ. हिशेब सोपा असतो. पण मुलाबरोबर सून नाही, त्याचा जोडीदार येणार असेल तर? किंवा मुलगी आणि तिची मैत्रीण, जी नुसती मैत्रीण नाही हे सगळ्या घराला ठाऊक आहे, पण तोंडाने कुणी बोलत नाही? हा हिशेब मांडायची वेळ आपल्याकडच्या बऱ्याच घरांवर आलेली आहे. कुणी सांगतं, कुणी सांगत नाही, एवढाच काय तो फरक.

परदेशात डोंगरातल्या तळ्याकाठच्या गावांत हॉटेलच्या दारावर इंद्रधनुष्याचं छोटंसं निशाण दिसतं. त्याचा अर्थ एवढाच, की दोन पुरुष किंवा दोन बायका जोडपं म्हणून आल्या तर काउंटरवरचा माणूस भुवया उंचावणार नाही. आपल्याकडे तळ्याकाठचं गाव म्हणजे महाबळेश्वरचं वेण्णा लेक, माथेरानचं शार्लोट लेक, उत्तरेत नैनिताल. हनिमूनची गावं! होडी भाड्याने देणारासुद्धा नव्या नवरीचा चुडा बघून बोलतो. तिथे ही दोघं जातात, नाही असं नाही. पण ‘मित्र’ म्हणून जातात.

गंमत पहा, भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्ध जी माणसं सुप्रीम कोर्टात गेली, त्यांत हॉटेलवालेच ठळक होते. २०१६ साली नर्तक नवतेज सिंग जोहर, पत्रकार सुनील मेहरा, रेस्टॉरंटवाल्या रितू दालमिया आणि आयेशा कपूर यांच्याबरोबर याचिकेवर सही करणारे पाचवे म्हणजे अमन नाथ. राजस्थानातला नीमराणा किल्ला विकत घेऊन त्याचं हॉटेल करणारे. या कामातले त्यांचे भागीदार आणि आयुष्याचे जोडीदार फ्रान्सिस वाचार्ग २०१४ मध्ये वारले. ज्या माणसाबरोबर मोडकळीला आलेले वाडे उभे केले त्याच्याशी असलेलं नातं कायद्याच्या नजरेत तेव्हाही गुन्ह्याच्या हद्दीत होतं. याच मंडळींनी नैनिताल जिल्ह्यात रामगढला जुन्या बंगल्यांचं हॉटेल केलं, आणि आपल्या माथेरानमध्येही एक जुना बंगला हॉटेल म्हणून चालवला. तिथल्या व्हरांड्यात बसून चहा प्यालेल्या किती मराठी कुटुंबांना हे माहीत असेल? पुढे २०१८ च्या एप्रिलमध्ये ललित हॉटेल समूहाचे केशव सूरी स्वतंत्र याचिका घेऊन गेले. त्यांचं एक हॉटेल उदयपूरला फतेहसागर तलावाकाठी आहे, एक खजुराहोला. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने निकाल दिला. सज्ञान माणसांचा परस्परसंमतीचा खासगी संबंध हा गुन्हा नाही. न्या. इंदू मल्होत्रा यांनी तर इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागायला हवी, अशा आशयाचं लिहिलं. ‘कुटुंबांची’ हा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो. तो आपल्यासाठी आहे.

आता झाशी.

झाशी म्हटलं की आपल्याला किल्ला आठवतो, राणी आठवते. तळी आठवत नाहीत. पण बुंदेलखंड हा तळ्यांचा मुलूख. जमीन खडकाळ, पावसाचा भरवसा नाही. म्हणून चंदेल आणि नंतर बुंदेले राजांनी टेकड्यांच्या खोबणीत बांध घालून पाणी अडवलं. दोन दिवस काढायला, नैनितालची गर्दी नको असेल तर, हा भाग उत्तम. मुख्य म्हणजे मराठी माणसाला परका वाटत नाही. जिथे राणीचं लग्न लागलं ते गणेश मंदिर इथे आहे, मराठी आडनावांची घरं आजही आहेत.

तळ्याकाठचा राजा

शहरातच लक्ष्मी तलाव आहे. त्याच्या काठी नेवाळकरांची महालक्ष्मी आणि जवळच गंगाधरराव महाराजांची छत्री. २१ नोव्हेंबर १८५३ ला महाराज गेले आणि राणी लक्ष्मीबाईंनी नवऱ्याची ही छत्री बांधून घेतली. पर्यटक किल्ल्यावरून परस्पर निघून जातात, इथे फारसं कुणी येत नाही. आम्ही मात्र सांगू, सहल इथूनच सुरू करा. कारण या राजाची एक हकिकत आपल्या मराठीतच लिहिलेली आहे.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले. १८५८ मध्ये झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केलं. शाळेत आपण त्यातलं वेढ्याचं वर्णन ऐकतो. पण गोडसे भटजी आणखीही काही सांगतात. गंगाधरराव अधूनमधून स्त्रीवेश करीत, लुगडं-चोळी नेसून, दागिने घालून, बांगड्या भरून बसत, इतकंच काय, महिन्यातले चार दिवस बायकांसारखे बाजूलाही बसत! इंग्रज अधिकाऱ्याने याबद्दल विचारलं तेव्हा राजाने उत्तर दिलं म्हणे, की तुमच्या सत्तेपुढे आम्ही सगळ्या संस्थानिकांनी बांगड्याच भरल्या आहेत, मग लाज कसली.

भटजी झाशीत पोचले तेव्हा राजा जाऊन चार वर्षं झाली होती. म्हणजे हे सगळं गावात ऐकलेलं. खरं किती, तिखटमीठ किती, आज सांगता येणार नाही. गंगाधररावांना नाटकाचा जबरदस्त नाद होता, पदरी नाटकशाळा होती, हे मात्र सर्वश्रुत आहे. त्यांना आजच्या काळातली कुठली पाटी चिकटवण्यात अर्थ नाही. आम्हाला लक्षात राहते ती सांगणाऱ्याची पद्धत. कोकणातला एक वैदिक ब्राह्मण, सोवळ्या-ओवळ्याचा कट्टर, ही हकिकत सांगतो आणि ना शिव्या घालतो, ना कानावर हात ठेवतो. राजाचा एक चमत्कारिक स्वभाव म्हणून सांगून पुढच्या गोष्टीकडे वळतो. दीडशे वर्षांपूर्वी जे सांगता येत होतं ते आज आपल्या दिवाणखान्यात कुजबुजत का बोलावं लागतं? बालगंधर्वांच्या शालूवर जीव टाकणारे आपलेच आजोबा होते ना! रंगमंचावर चालतं, घरात आलं की अडतं.

बांधावरची संध्याकाळ

झाशीहून मऊरानीपूरच्या रस्त्याला वीस-पंचवीस किलोमीटरवर बरुआ सागर. खडकाळ टेकडीच्या पायथ्याशी वसलेलं गाव, वर किल्ला, खाली तळं. ओरछ्याचे राजे उदितसिंह यांनी १७०५ ते १७३७ च्या दरम्यान हे तळं आणि किल्ला दोन्ही बांधलं. चुन्या-दगडाचा बांध जवळजवळ बाराशे मीटर लांब आहे आणि पाण्यात झाडी उगवलेली दोन खडकाळ बेटं आहेत. १७४४ मध्ये इथेच पेशव्यांच्या फौजेची बुंदेल्यांशी गाठ पडली. गावाबाहेर जराई का मठ म्हणून नवव्या शतकातलं, प्रतिहारांच्या काळचं देऊळ आहे. त्याच्या दाराच्या चौकटीवरचं कोरीवकाम बघायला अर्धा तास वेगळा काढा.

आधीच सांगून ठेवतो, इथे डोंगर म्हणजे टेकडी. महाबळेश्वरचा गारवा शोधू नका. मे-जूनमध्ये झाशीचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा तर या बाजूला फिरकूच नका. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. पाऊस चांगला झाला असेल तर दिवाळीच्या सुमाराला तळं काठोकाठ असतं. बांधावर संध्याकाळी बसलं की किल्ल्याची भिंत तांबूस होत जाते, बगळे बेटांकडे परततात, खाली भाजीच्या मळ्यांतून पाटाचं पाणी वाहत असतं. बरुआ सागर भाजीपाल्याचं आणि आल्याचं मोठं गाव आहे, हवेला ओल्या मातीचा वास असतो.

इथे कुणी कुणाकडे बघत नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. बघतात. पण दोन पुरुष खांद्यावर हात टाकून बसले तर बघत नाहीत, आणि नवराबायको तशी बसली तर बघतात! आपल्या देशातली ही उलटी गंगा. मित्रांच्या गळ्यात गळ्याला आक्षेप नाही. दोन मैत्रिणी हातात हात घालून फिरल्या तर कौतुकच. जोपर्यंत त्या मैत्रिणी आहेत तोपर्यंत.

मुक्कामाचं काय?

बरुआ सागरला मुक्कामाच्या सोयी बेताच्याच. राहायला झाशी किंवा ओरछा. ओरछा झाशीहून सोळा-सतरा किलोमीटर, बेटवा नदीच्या काठी, पण मध्य प्रदेशात. राजमहाल, जहांगीर महाल, नदीकाठच्या छत्र्या आणि रामराजाचं देऊळ. मध्य प्रदेश पर्यटन विकास महामंडळाची हॉटेलं आहेत, खासगी आहेत, गावकऱ्यांच्या घरातही राहता येतं. देवस्थान असल्याने वागण्या-बोलण्यात थोडा पोच हवा, तो कुठल्याही जोडप्याने ठेवायला हवा तसाच.

हॉटेलच्या काउंटरवरही उलटी गंगाच वाहते. अविवाहित मुलगा-मुलगी आले तर प्रश्नांची सरबत्ती. दोन मुलगे आले तर किल्ली हातात! म्हणजे खोलीची अडचण फारशी नाही. अडचण सुरू होते ती तोंड उघडल्यावर. ‘दोन वेगळे पलंग देतो’ असं मॅनेजर म्हणतो आणि ‘नको, एकच मोठा द्या’ म्हणायला जीभ रेटत नाही. मग दोन पलंग रात्री गुपचूप जोडायचे, सकाळी खोली झाडायला मुलगा यायच्या आत पुन्हा वेगळे करायचे. सुट्टीला आलेल्या माणसांनी सकाळी सहाला उठून पलंग सरकवावेत, ही काय सुट्टी झाली?

कायदा काय म्हणतो? अविवाहित स्त्री-पुरुषांना हॉटेलात राहायला मनाई करणारा कोणताही कायदा नाही, असं मद्रास हायकोर्टाने २०१९ च्या डिसेंबरात कोइमतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं. समलिंगी जोडप्याच्या वास्तव्यात २०१८ पासून गुन्हा म्हणण्यासारखं काही उरलेलं नाही. हॉटेलवाल्याला ओळखपत्र बघायचा, नोंद ठेवायचा अधिकार आहे. तेवढं द्यावं. पण खासगी हॉटेलं आपापले नियम करतात, त्यातली काही अविवाहितांना नकार देतात, हेही खरं. म्हणून आमचा सल्ला असा, की ऑनलाइन बुकिंग झालं तरी एक फोन करा. ‘आम्ही दोघे पुरुष आहोत, जोडपं आहोत, डबल बेड हवा’ एवढं सरळ सांगा. पलीकडचा माणूस गडबडला, तर दुसरीकडे फोन लावा. स्टेशनवरून दमून आल्यावर दारात वाद घालण्यापेक्षा हे बरं.

पारलिंगी व्यक्तींची अडचण वेगळी आहे आणि जास्त जाचक. ओळखपत्रावरचं नाव-लिंग एक आणि समोर उभी व्यक्ती दुसरीच, असं झालं की काउंटरवरच चार माणसं जमतात. सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला आणि २०१९ च्या कायद्याने सेवा, सोयी, निवासात भेदभाव करायला मनाई केली. या सहलीला निघण्यापूर्वी निदान एक ओळखपत्र सुधारून घेतलेलं असेल तर निम्मा त्रास वाचतो.

एक धोक्याची सूचनाही करायला हवी. अनोळखी गावात मोबाइलवरच्या ओळखीतून कुणाला भेटायला जाणं टाळा. भेटायला बोलवायचं, फोटो काढायचे आणि घरच्यांना सांगू अशी धमकी देऊन पैसे उकळायचे, हा धंदा छोट्या शहरांतही चालतो. असं घडलंच तर पैसे देऊ नका, ११२ ला फोन करा. खंडणी मागणारा गुन्हेगार असतो, तुम्ही नाही. आणि ज्यांच्या घरात आधीच माहीत आहे त्यांना धमकी देऊन उपयोग काय? आईबापांना माहीत असणं हा या धंद्यावरचा जालीम उपाय आहे.

‘दोनों घर के हैं’

झाशीतल्या एका मराठी घरातली हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. घर रेल्वेवाल्यांचं, तीन पिढ्या इथेच गेल्या. मुलगा पुण्याला नोकरीला. त्याच्याबरोबर राहणारा नागपूरचा मुलगा दोन दिवाळ्या ‘मित्र’ म्हणून येऊन गेला. तिसऱ्या दिवाळीआधी मुलाने आईला सांगून टाकलं. आईने आठ दिवस कुणाला काही सांगितलं नाही. नंतर वडिलांना सांगितलं. वडिलांनी महिनाभर फोनवर बोलणं टाकलं.

दिवाळीत दोघं आलेच. घरात आत्या, काका, शेजारपाजार, मोकळेपणी दोन शब्द बोलायची सोय नाही. तेव्हा काकूंनीच तोडगा काढला, दोन दिवस ओरछ्याला जाऊ, वाटेत बरुआ सागर बघू. वडील म्हणाले, मी येणार नाही. पण गाडी त्यांच्याशिवाय कुणाला चालवता येत नव्हती, त्यामुळे आले!

बरुआ सागरच्या बांधावर चौघं तासभर बसली. बोलणं झालं ते रेल्वेच्या बदल्यांचं आणि आल्याच्या भावाचं. वडिलांनी नागपूरच्या मुलाला किल्ला दाखवून सतराशे चव्वेचाळीसची लढाई सांगितली. ओरछ्याच्या हॉटेलात मॅनेजरने रजिस्टर पुढे करत विचारलं, ‘ये दोनों दोस्त हैं?’ काकू म्हणाल्या, ‘दोनों घर के हैं. कमरे पास-पास दीजिए.’ मॅनेजरने दोन किल्ल्या दिल्या. संपलं. झाशीपासून सोळा किलोमीटर हे वाक्य मनात घोकत आले होते, असं काकू आम्हाला हसत सांगत होत्या.

याचा अर्थ सगळं सुरळीत झालं असा नव्हे. गल्लीतल्या हळदीकुंकवाला काकू आजही ‘मुलाचा मित्र’ असंच सांगतात. नागपूरचा मुलगा त्यांना काकूच म्हणतो, ‘आई’ म्हणावं का हे त्यालाही कळत नाही आणि त्यांनाही. पण परक्या गावात, जिथे कुणी ओळखीचं नाही, तिथे त्यांना ते वाक्य पहिल्यांदा उच्चारता आलं. आम्हाला विचाराल तर अशा सहलीचं खरं मोल यात आहे. घरात जे बोलायला जागा नसते, माणसं नसतात, धीर नसतो, ते दोन दिवसांच्या मुक्कामात जमून जातं. आईवडिलांनी मुलांबरोबर जावं, असं आम्ही म्हणतो ते यासाठी. नुसत्या दोघांना ‘जा बाबांनो कुठेतरी’ म्हणून पाठवून दिलं, की त्यात जिव्हाळ्यापेक्षा सुटकेचा निःश्वास जास्त असतो, आणि मुलांना तो ऐकू येतो.

लग्नाचा प्रश्न अर्थात राहतोच. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तो विषय संसदेचा म्हणून सोडला. त्यानंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने खुलासा केला, की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठीही त्यांना एकाच घरातले समजावं, असं राज्यांना कळवलं. म्हणजे रेशनकार्डावर ‘घरचे’! काकूंचं वाक्य सरकारी कागदावर यायला तेवढा वेळ लागला. प्रवासात आजारपण आलं तर मात्र हॉस्पिटलात ‘नातं काय?’ हा प्रश्न येतोच. जोडीदाराच्या आईवडिलांचा किंवा भावंडांचा फोन नंबर, त्यांची संमती असलेली, जवळ ठेवावा. आईवडील बरोबरच असतील तर प्रश्नच मिटला.

ज्या आईबापांना हे सगळं नवीन आहे आणि कुणाशी बोलावं कळत नाही, त्यांच्यासाठी एवढं सांगतो, की तुम्ही एकटे नाही. मुंबईत ‘स्वीकार’ नावाचा अशाच पालकांचा गट आहे. २०२३ मध्ये त्यांच्या चारशेहून जास्त पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं, आमच्या मुलांची लग्नं आमच्या हयातीत होऊ द्या म्हणून. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला, त्यांनी या विषयावर मराठीत बरंच लिहिलंय, तेही कुठलाही बडेजाव न करता, आईबापांना कळेल असं. गाडीत वाचायला बरोबर घ्यायला हरकत नाही. वडिलांच्या सीटवर ‘विसरून’ ठेवलं तर आणखी बरं.

आता जायचं कसं? मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्सप्रेस थेट झाशीला जाते. तिकीट काढताना स्टेशनचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असं शोधावं लागेल. पहिल्या दिवशी लक्ष्मी तलाव, छत्री आणि किल्ला करून संध्याकाळी ओरछा गाठा. दुसऱ्या दिवशी सकाळी ओरछ्याचे महाल, ऊन उतरल्यावर बरुआ सागर. जराईचा मठ आधी करा, बांध शेवटी. बांधावर दिवे पुरेसे नाहीत, काळोख पडायच्या आत उठा. आणि गावातून आलं घ्यायला विसरू नका. काकू तर झाशीच्या बाजारातलं आलं घेतच नाहीत, पुण्याला जाणाऱ्या दोन्ही बॅगांमध्ये अर्धा-अर्धा किलो बरुआ सागरचंच असतं.